भर दुकानात गायलेल्या जाऊबाई

उषा, तू जवळ बसली आहेस असं समजून लिहिते. आधी थोडं रागावणार आहे. परवा तुझ्या आईच्या मासिक श्राद्धाला जमलेल्या बायकांना तू म्हणालीस, "आई अगदी साधी होती, परक्यांत तोंडही उघडायची नाही." असं म्हणू नये गं. आता सांगते ते घडलं तेव्हा तू पाळण्यात होतीस, तुला काय आठवणार... म्हणून लिहून छापायलाच देते, सगळ्यांना कळू दे.

तुझी आई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. पन्नास सालानंतरची गोष्ट, आपण घाटकोपरला राहायचो. सुनांनी घरात गायचं नाही, असा सासूबाईंचा कडक नियम. त्याच सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि नवी नवरी असताना ऐकलेलं नाटकातलं एक पद पुन्हा ऐकायची त्यांना ओढ लागली. बोल विसरलेल्या, उरली होती नुसती चाल. थरथरत्या आवाजात त्यांनी ती गुणगुणली. "मी आणते रेकॉर्ड शोधून," जाऊबाई म्हणाल्या.

आम्ही दोघी निघालो. ओठांतल्या ओठांत चाल घोळवत जाऊबाई अशा जपून चालत होत्या, जशी डोक्यावर भरलेली कळशी! मी काही बोलले की, "गप गं, सांडेल!" आणि नेमका वळणावर वरातीचा बँड आडवा आला. वाट लागली चालीची! गेलो परत घरी. "घालवलीत ना वाटेत?" म्हणत सासूबाई पुन्हा गुणगुणल्या.

या वेळी चाल न सांडता रेकॉर्डच्या दुकानात पोचली. तिथला गुजराती दुकानदार म्हणाला, "बेन, बोल सांगा ना. नुसत्या चालीवरून कसं शोधणार?" दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. जाऊबाईंनी पदर सावरला आणि मोकळ्या आवाजात गायलाच लागल्या. कुणीतरी हसलं... मग ते हसणंही थांबलं. रस्त्यावरची माणसं आत डोकावू लागली. दुकानदारानं एक रेकॉर्ड लावली, ती नव्हे. दुसरी लावली, तीही नव्हे. जाऊबाई दर वेळी पहिल्यापासून गात. शेवटी सापडली!

शेजाऱ्यांचा ग्रामोफोन सासूबाईंच्या उशाशी लावला. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं. "हेच," म्हणाल्या, "पण मेला गाणारा घाई फार करतो." मग जाऊबाईंकडे वळल्या, " सुमे, तू म्हण बघू. मोठ्यानं म्हण, मला कमी ऐकू येतं."

टाचणी पडली तरी ऐकू यायची त्यांना!

पुढे तुझी आई रोज फोडणी घालताना गायची. तुला वाटायचं, आपल्या घरात बायका गातातच. अगं, ते तिनं मिळवलेलं होतं! आता त्या स्वयंपाकघरात मी एकटी. चाल तोंडात येते, पण तिच्यासारखी वर चढत नाही... तुझा आवाज थेट तिचा आहे. लवकर ये गं. आणि आलीस की गप्प बसू नकोस.