दार नसलेल्या घरातला शॉट

सावेडीतल्या फ्लॅटच्या दाराला काल पॉलिश केलं. त्या वासात शनिशिंगणापूरचं आमचं घर आठवलं. गावच्या रीतीप्रमाणे त्याला चौकट होती, दार नव्हतं.

तेव्हा मला पुण्यात सिनेमा शिकायचा होता आणि प्रवेशासाठी एक छोटी फिल्म पाठवायची होती. माझ्या गोष्टीत मुलगी शिकायला निघते आणि आई रागाने दार लावून घेते. आईचं काम आईच करणार होती. मोबाईल स्टँडवर लावून मी म्हणाले, "आता दार लाव."

"कुठलं?" आई हसली. "एवढी ष्टोरी लिवली, सोताचं घर न्हाई बघितलं व्हय गं?"

"बरं, मग नुसती आत जा."

पिशवी घेऊन मी अंगणातून रस्त्याला लागले. वळून पाहिलं, तर आई चौकटीतच उभी.

"आई, आत जा ना!"

"तू दिसतीस तवर कशी जाऊ?"

शॉट बिघडला म्हणून मी चिडले. पण त्याच शॉटवर प्रवेश मिळाला.

आई आता नाही. फिल्म आहे. तीत ती रस्त्याकडे बघत उभी दिसते. त्या शॉटमधलं आमचं बोलणं मात्र पाठवण्याआधी मीच पुसून टाकलं होतं.