कुशाबा गमरेने लिहिलेले एकशेऐंशी स्वभाव

गिरगावातल्या त्या कॉलेजात मानसशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली होती. कुशाबा गमरे त्या खोलीचा शिपाई. राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत, गाव खेडच्या बाजूचं, शिक्षण इंग्रजी चौथीपर्यंत. स्टॉपवॉचला चावी द्यायची, शाईच्या डागांची कार्डं नंबराप्रमाणे लावायची, ती घेऊन वर्गात जायचं आणि तास संपेपर्यंत मागच्या भिंतीशी उभं राहायचं, हे त्याचं काम. १९५५ साली त्याला अकरा वर्षं झाली होती. म्हणजे प्रोफेसर हेरंब खांबेट्यांची व्यक्तिमत्त्वावरची व्याख्यानं त्याने अकरा वेळा ऐकली होती.

खांबेटे इंग्रजीत शिकवत आणि मुलं पेंगायला लागली की मराठीत उतरत. व्हिएन्नाच्या एका डॉक्टरने म्हणे मनाचे तीन भाग पाडले होते: एक नुसता मागणारा, एक रागे भरणारा आणि मधला बिचारा दोघांची समजूत काढणारा. दुसऱ्या एकाने सगळी माणसं आत वळलेली आणि बाहेर वळलेली अशी वाटून टाकली होती. कोणी अंगकाठीवरून स्वभाव सांगे. अमेरिकेतले काही तर म्हणत, स्वभाव वगैरे झूट आहे, सवयी लावाव्यात तसा माणूस होतो. कुशाबाला हे सगळं तोंडपाठ होतं. कुठल्या डागात काय दिसलं की खांबेटे काय लिहितात, हेही पाठ होतं.

पण जुलैतला एक तास त्याला नको असे. न्यूनगंडाचा. त्या दिवशी खांबेटे हटकून हाक मारत, "कुशाबा, पुढे ये."

तो पुढे गेला की खांबेटे छडीने हवेतच दाखवत. "खांदे बघा. मान बघा. हाक मारल्यावर ह्याने आधी कार्डं खाली ठेवली, मग माझ्या टेबलाच्या फळीवर चढताना चपला काढल्या. मी सांगितलं होतं का काढायला? नाही. लहानपणीच माणसाला वाटतं, आपण कमी आहोत. काही जण ते भरून काढायला जन्मभर धडपडतात. आणि काहींच्या पिढ्यान्‌पिढ्या ह्यात मुरतात."

मुलं हसत. कुशाबा हा भागही नोकरीतलाच समजत असे, चावी देण्यासारखा.

त्या जुलैत मात्र बायकांच्या बाकावर कमल बसली होती. कमल म्हणजे त्याची मुलगी, चाळीतली पहिली मॅट्रिक झालेली पोर, कॉलेजात येऊन चार आठवडे झालेली. इंटरच्या मैत्रिणीबरोबर, आपल्या बापाच्या सरांचं व्याख्यान ऐकायचं म्हणून हौसेने आली होती. खांबेट्यांना ती कोण हे ठाऊक नव्हतं. छडी हवेत फिरली, मुलं हसली. कुशाबाने मान वर केली तेव्हा कमल वहीकडे बघत होती आणि तिची मैत्रीण तिच्याकडे.

संध्याकाळी घरी बकुळा, त्याची बायको, भाकऱ्या थापत होती. कमल भिंतीशी बसून होती.

"आबा, अकरा वर्षं?"

"काय अकरा वर्षं?"

"दर साली असे जाऊन उभे राहिलात?"

"नोकरी हाय पोरी."

"मग मला कशाला शिकवलंत?"

कमल दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेली नाही, नंतरही कधी गेली नाही. दिवाळीनंतर ती परळच्या एका हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला लागली. ती खांबेट्यांवर चिडली असती तर कुशाबाने सोसलं असतं. ती बापावर चिडली होती, आणि हे खांबेट्यांमुळे झालं होतं. तेव्हापासून त्या माणसाचं काहीतरी कायमचं मोडायचं, एवढा एकच विचार घेऊन कुशाबा रोज स्टॉपवॉचला चावी देऊ लागला. वरून काही दिसत नव्हतं. "जी सर" तसंच होतं.

संधी खांबेट्यांनीच आणून दिली. त्यांना गिरणी कामगाराच्या व्यक्तिमत्त्वावर मोठा प्रबंध लिहायचा होता. एकशेऐंशी कामगारांना डागांची कार्डं दाखवायची, उत्तरं लिहून घ्यायची, त्यावरून कामगाराचा स्वभाव ठरवायचा. मुहूर्त धरला जानेवारी १९५६ चा, आणि नेमकं तेव्हाच, मुंबई महाराष्ट्रातच हवी म्हणून, शहर पेटलं. लालबाग-परळला दगड, अश्रुधूर, गोळीबार. खांबेट्यांनी पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज लिहून कुशाबाच्या हाती दिला.

"हा ऑफिसात दे. मी पुण्याला मेहुण्याकडे जातोय. फॉर्म तू भरून आण. तुला तिथे कोण काय करणार? तुमचेच लोक."

"जी सर."

"आणि हे बघ, कोणी विचारलं तर मी बरोबर होतो."

"जी सर."

पहिला आठवडा कुशाबाने प्रामाणिकपणे काम केलं. कर्फ्यू उठला की लालबागच्या चाळींत जायचा, गॅलरीत बसून कार्डं दाखवायचा. साचेखात्यातला विणकर गणपत कार्ड उलटंसुलटं करून म्हणाला, "हे तेल सांडलंय. तुझ्या सायबाला सांग, मशीन पुसून घे." एका बाईला त्यात एकाच नळावर भांडणाऱ्या दोघी दिसल्या. एका म्हाताऱ्याने बोट ठेवलं, "हा महाराष्ट्राचा नकाशा. पण हितं मुंबई फाडून काढलीय बघ." ज्याच्या पुतण्याला परवा गोळी लागली होती, तो म्हणाला, "रगत," आणि कार्ड परत दिलं.

कुशाबाने एकशेऐंशी जणांचं हे सगळं लिहून घेतलं. पण प्रयोगशाळेत येऊन कागद टेबलावर ठेवल्यावर त्याला छडी आठवली. हीच माणसं आता त्या फळीवर उभी राहणार होती, एकशेऐंशी जण एकदम. त्याने कागद सुतळीने बांधले, घरी नेऊन ट्रंकेत तळाशी घातले. मग कोरे फॉर्म घेतले आणि दुपारच्या वेळी, खांबेट्यांच्याच खुर्चीवर बसून, उत्तरं आपणच लिहायला लागला.

काय लिहावं याचा विचार त्याला करावा लागला नाही. खडू लागला की खांबेटे तीनदा हात धूत. तेव्हा कामगाराला पहिल्या डागात घाण दिसली, दुसऱ्यात चिखलाने भरलेले हात. वडिलांचं पत्र आलं की ते दिवसभर कोणाशी बोलत नसत. म्हणून चौथ्या डागात काठी घेतलेला बाप दिसला. प्रिन्सिपॉलसाहेबांची पावलं ऐकली की ते कॉलर सारखी करत. सहाव्यात कोणीतरी दाराआडून बघत होतं. काही हरवलं की ते म्हणत, "कोणीतरी हलवलंय." नवव्यात तोच चोर होता. नावं लालबागची, वयं खरी, खाती खरी. आतला माणूस एकच. एकशेऐंशी वेळा त्याने हेरंब खांबेटे लिहून काढले. अकरा वर्षांत त्याला नोकरीत एवढी मजा कधी आली नव्हती.

खांबेटे पुण्याहून आले, फॉर्म वाचून हरखले. "विलक्षण एकसारखेपणा आहे रे! आपण काय काम केलंय!" 'आपण' हा शब्द तेवढा एकदाच आला.

ऑक्टोबरात कुशाबा आणि बकुळा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. खांबेट्यांनी प्रयोगशाळेत हसत विचारलं, "काय कुशाबा, धर्म बदलला की स्वभाव बदलतो का रे?"

"बघू सर," कुशाबा म्हणाला.

त्याला घाई नव्हती. प्रबंध छापून यावा, खांबेट्यांच्या गळ्यात हार पडावेत, माणूस उंच चढावा, मग हात घालायचा, असं त्याने ठरवलं होतं. ५७ च्या अखेरीस प्रबंध छापून आला. त्यात निष्कर्ष असा: गिरणी कामगार भित्रा असतो, वरिष्ठांपुढे लाचार असतो, स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलतो, त्याला जबाबदारीची जागा देऊ नये. काही गिरण्यांच्या मॅनेजरांनी खांबेट्यांना चहाला बोलावलं.

दोन महिन्यांनी गणपत नाक्यावर भेटला. त्याचं जॉबरचं, म्हणजे खात्यातल्या मुकादमाचं, काम होत आलेलं अडलं होतं. "लेबर हापिसात कसलातरी नवीन कागद आलाय. म्हणतात, तुमच्यात ते गुण नाय."

बाण कुशाबाने एकावर सोडला होता आणि लागला होता भलत्यालाच. त्या दिवशी त्याने थांबणं सोडलं.

१९५८ च्या मार्चमध्ये खांबेट्यांच्या बढतीसाठी तिघांची समिती आली. पुण्याच्या पद्मजाबाई सुखटणकर त्यात मुख्य होत्या. बारीक, चष्मा लावणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मूळ फॉर्म बघायला मागितले. खांबेट्यांनी हाक मारली, "कुशाबा, फॉर्म आण."

कुशाबाने दोन गठ्ठे आणून टेबलावर ठेवले, त्यातला एक सकाळीच घरच्या ट्रंकेतून आणलेला.

"हा दुसरा कसला?" खांबेट्यांनी विचारलं.

"हा खरा, सर. तो पहिला मी लिवलेला."

मग खांबेटे हसले. समितीकडे वळून म्हणाले, "माफ करा, हा आमचा शिपाई. एकशेऐंशी फॉर्म, शिवाय प्रत्येक डागाला सुसंगत उत्तर! ह्याला एवढी कल्पनाशक्ती कुठून येणार?"

"कल्पना कशाला लागते सर? अकरा वर्षं समोर बघत होतो, ते लिवलं. हात तीनदा धुणारा, बापाच्या पत्राला घाबरणारा, दाराआड कोण हाय ते बघणारा. हा लालबागचा माणूस नाय. हे तुम्ही हाय."

खांबेट्यांचा हात नकळत कॉलरकडे गेला. तिघांनीही तो बघितला. खांबेट्यांच्याही ते ध्यानात आलं, आणि त्यांनी हात खाली घेतला.

पद्मजाबाईंनी शांतपणे विचारलं, "प्रोफेसर, तुम्ही प्रस्तावनेत लिहिलंय की प्रत्येक मुलाखतीला जातीने हजर होतात. मग हा खोटे फॉर्म लिहीत होता तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मी... हजरच होतो. हा खोटं बोलतोय."

कुशाबाने खिशातून घडी केलेला कागद काढला. रजेचा अर्ज, खांबेट्यांच्या सहीचा, त्याच पंधरा दिवसांचा, पुण्याच्या पत्त्यासह. ऑफिसात नोंद झाल्यावर त्याने कारकुनाकडून मागून घेतला होता. तो त्याने बाईंच्या पुढ्यात सरळ करून ठेवला आणि तळहाताने सुरकुत्या घालवल्या.

खांबेट्यांना बढती मिळाली नाही. प्रबंध मागे घेतला गेला, पुढच्या टर्मला त्यांनी राजीनामा दिला. कुशाबालाही खोटे कागद केल्याबद्दल त्याच आठवड्यात काढून टाकलं. त्याबद्दल त्याने तक्रार केली नाही. पद्मजाबाई खरा गठ्ठा घेऊन गेल्या. दोन जागी पत्रं लिहून तो लेबर ऑफिसातला कागद त्यांनी रद्द करवला. गणपत जॉबर झाला, पण वर्षभर उशिराने. कुशाबाने त्याच्या घरी जाऊन सगळं सांगितलं तेव्हा गणपतने त्याला शिव्या घातल्या आणि मग चहा दिला.

कमलला वाटलं, आता आबा निवतील. तसं झालं नाही. कुशाबा दादरला एका छापखान्यात बंडलं बांधायच्या कामाला लागला होता. खांबेटे दादर-गिरगावच्या व्याख्यानमालांत बोलत. विषय तोच, माणसाचा स्वभाव. पेपरात नाव आलं की कुशाबा धुतलेला सदरा घालून जायचा आणि पहिल्या रांगेत मधोमध बसायचा. बोलायचा नाही, हसायचा नाही. नुसता बघायचा. पहिल्या खेपेला खांबेटे दोनदा अडखळले. दुसऱ्या खेपेला त्यांनी विषय आवरता घेतला आणि पाणी मागितलं. तिसऱ्या खेपेला ते दारापर्यंत आले, रांगेकडे बघितलं आणि छातीत दुखतंय म्हणून परत गेले.

"बस झालं आता, आबा," कमल एकदा म्हणाली. ड्यूटीवरून आली होती, डोक्याचा रुमाल अजून सुटलेला नव्हता. "माणूस म्हातारा झालाय."

"तू कॉलेजात परत जाशील?"

"आता कुठे? माझं चांगलं चाललंय."

"मग बस कसं झालं?" कुशाबा म्हणाला.

१९६० च्या एप्रिलमध्ये नवं राज्य होणार म्हणून गल्लोगल्ली कागदी पताका लागत होत्या. गिरगावातल्या एका व्याख्यानमालेच्या फळ्यावर खांबेट्यांचं नाव होतं. कुशाबा अर्धा तास आधी जाऊन बसला. सातला चिटणीस आले आणि सांगितलं, वक्ते येत नाहीत, यापुढेही येणार नाहीत, त्यांनी व्याख्यानं बंद केली आहेत. लोक कुरकुरत उठले. कुशाबा मात्र बसून राहिला. रिकामं टेबल, त्यावरचा पाण्याचा तांब्या आणि न पेटवलेली उदबत्ती तो बराच वेळ बघत होता. चिटणिसाने येऊन विचारलं, "काका, तुमचं काही काम होतं का त्यांच्याकडे?"

"होतं," कुशाबा म्हणाला. "झालं."