बोटंवाल्या बाई

परभणीच्या डॉक्टरीणबाई आणलेला रिपोर्ट आधी टेबलावर पालथा घालायच्या. वर स्वतःचा चष्मा ठेवून म्हणायच्या, "ह्याला नंतर विचारू. आधी तुमी बोला." मग हात जवळ ओढून एकेक पेर दाबून बघायच्या. झरी गावच्या आम्ही बाया त्यांना बोटंवाल्या बाई म्हणायचो.

मी गेले ती लेकीसाठी, रेखासाठी. तापातून उठल्यावर तिचे सांधे धरले होते. कुणी सांगितलं म्हणून रक्त तपासलं, तर त्यात संधिवाताची खूण निघाली. सोयरीक ठरत आलेली. जाऊबाई म्हणाल्या, "जन्माचं दुखणं हाय. आता कोण करंल हिला?"

बाईंनी रेखाची बोटं बघितली. सूज नव्हती, दुखणंही उतरत चाललं होतं. "तापानंतर रक्तात अशी खूण काही दिवस राहती. धडधाकट माणसातबी सापडती. जत्रेत चोर असतात, म्हणून जत्रेला गेलेला चोर होतो का? ह्या दुखण्याचं औषध सध्या नको. दिवाळीनंतर परत दाखवा."

माझा जीव भांड्यात पडला. कागद ठेवायला पिशवीची गाठ सोडू लागले. बोटं वळेनात, तेव्हा सवयीने दात लावले. बाई बघतच राहिल्या.

"मावशी, गाठ दातानं कधीपासून सोडायलाव?"

माझ्याआधी रेखाच म्हणाली, "लय दिवस झाले. सकाळी तिला भाकरी थापता येत न्हाई, दुपारी येती. पण तिचं रक्त तपासलंय मागं. तीच तपासणी. त्यात काही निघालं न्हाई."

"रक्तात न्हाई, पण हातात हाय." बाईंनी माझे दोन्ही हात धरले, सुजलेली पेरं हळूच दाबली. "कितीकांची ही तपासणी कोरीच येती. आजार मात्र चालू राहतो. कागद लेकीचा आणलाव मावशी, दुखणं तुमचं हाय."

मग त्यांनी हातांचे एक्स-रे फोटो काढवले, आणखी रक्त तपासलं, तेव्हा कुठे गोळ्या सुरू केल्या. रक्ताच्या तपासणीत दिसलं नाही ते त्यांना एका गाठीत दिसलं, याचं मला अजून नवल वाटतं.

दिवाळीनंतर रेखाच्या रक्तातली खूण गेली. लग्नही झालं.

पुढे बाई दवाखाना बंद करून लेकाच्या गावी जाणार असं कळलं. मी भाकऱ्या नेल्या, फडक्याला घट्ट गाठ मारून. त्यांच्यासमोर गाठ बोटांनी सोडली.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. म्हणाल्या, "पुन्हा बांधा मावशी. नीट बघू द्या."

मी पुन्हा बांधली.