कशेळीपर्यंतची चाचणी

आमच्या गाडीचं इंजिन फक्त ठाण्याच्या वाटेवर, कशेळीच्या वाहतूक कोंडीत बंद पडायचं. शोरूमवाल्यांनी गाडी तीनदा ठेवून घेतली, धुऊन परत दिली आणि दर वेळी सांगितलं, "मॅडम, काही प्रॉब्लेम नाही." ते सकाळी रिकाम्या रस्त्यावर चालवून बघत. आईला गुडघ्याच्या व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा ठाण्याला न्यावं लागे. या फजितीला कंटाळून ती म्हणाली, "मी आता येत नाही."

चौथ्या वेळी मी सर्व्हिसच्या माणसालाच भर दुपारी शेजारी बसवलं. मागे आई, साक्षीला. काल्हेरपासून आम्ही ट्रकांच्या मागे सरकत होतो आणि इंजिन अगदी शहाण्यासारखं चालत होतं. तो घड्याळ बघू लागला. आईने त्याच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. "खा रे बाळा. आमची गाडी खोटं बोलत नाही."

कशेळीच्या पुलाआधी इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. मागून हॉर्न सुरू झाले. आईने चक्क टाळ्या वाजवल्या. "पडली एकदाची!"

इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप तापला की बंद पडत होता. त्यांनी तो बदलून दिला. आई पुन्हा ठाण्याला येते, पण कशेळी आली की अजून लाडवांचा डबा उघडते.