खारूताई नावाची दुसरी कुणीतरी

कवळ्या बनवणाऱ्या त्या बाईचे स्वतःचे पुढचे दोन दात लहानपणापासून ओठांबाहेर डोकवायचे. त्यावरून धाकट्या भावानं तिचं नाव पाडलं होतं, खारूताई. शाळेत दुसऱ्या कुणी त्या नावानं हाक मारली असती तर तिनं त्याला बदडून काढलं असतं. भावानं मारली की मात्र ती दोन्ही हात तोंडापाशी नेऊन काहीतरी कुरतडल्याचं सोंग करायची आणि तो पोट धरधरून हसायचा.

आता तिचे केस कानशिलांवर पांढरे झाले होते. दंतवैद्यांकडून आलेल्या जबड्यांच्या ठशांत प्लास्टर ओतायचं, साचा सुकला की त्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायची, एकेक दात बसवून तापल्या सुरीनं मेण सारखं करायचं, यात तिचा दिवस जायचा. लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "दिवसभर परक्यांची तोंडं सांभाळते, घरी आणखी एक कशाला?" घरी एक तोंड होतंच. वडिलांचं. त्यांची कवळीही तिनंच केलेली.

आई गेली त्या दिवसापासून त्या घरात दोघंच उरली होती. धाकट्यानं वडिलांच्या ओळखीनं मिळालेली कारखान्यातली नोकरी सोडली होती, कुठं राहतो, काय करतो याचा पत्ता नसायचा, आणि आईनं त्याच्या घोरानं अंथरूण धरलं होतं. ती गेल्यावर तो धावत आला तेव्हा वडील सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला तू संपवलीस. आता कुणाला संपवायला आलास?" धाकटा उंबऱ्यातच थांबला. पायातले बूटसुद्धा काढले नव्हते त्यानं. तसाच वळून गेला.

वडिलांशी तो पुन्हा बोलला नाही. बहिणीशी बोलायचा, पण फोन करायचा नाही. गेम खेळणारी पोरं आपसांत गप्पा मारायला जे ॲप वापरतात, ते त्यानं फार पूर्वीच तिच्या फोनवर घालून दिलं होतं आणि 'खारूताई' याच नावानं तिचं खातंही उघडून दिलं होतं. तिथं एकाच नावाची कितीही माणसं असू शकत. नावापुढे चार आकडी क्रमांक लागायचा, त्यावरून कोण कुठली ते कळायचं. जगात खारूताया पुष्कळ असतील, पण हा आकडा शेपटीला असलेली तीच एक.

एकदा त्याचा फोन चोरीला गेला आणि त्याबरोबर खातंही. काही महिने काहीच कळेना. मग एका दुपारी मेण तापवत असताना तिच्या फोनवर एका अनोळखी खात्यावरून मेसेज आला, "आकडा विसरलो नाही बघ." सुरीवरचं मेण ओघळून तिच्या चपलेवर सांडलं.

तेव्हाच त्यानं लिहिलं होतं, "माझा काही भरवसा नाही, ताई. आज इथं, उद्या कुठं. फोन राहील नाहीतर जाईल. तू मात्र जागची हलू नकोस. नाव तेच ठेव, मी येतो शोधत." त्यानंतर तो पुन्हा नाहीसा झाला. या वेळी वर्षं गेली. ती जागची हलली नाही. फोन बदलले, पण खातं जिवापाड जपलं.

आणि मग त्या ॲपवाल्यांनीच तिला हलवलं.

सूचना मोठ्या गोड भाषेत आली होती. आकडे लोकांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून ते आता काढून टाकत आहोत. यापुढे प्रत्येकाचं नाव जगात एकमेव असेल. तुमची पाळी आली की नवं नाव निवडा, न निवडल्यास आम्ही देऊ. तिनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. शेजारच्या टेबलावर कवळ्या घासणाऱ्या मैत्रिणीला म्हणाली, "अगं, ज्याच्या लक्षात राहायला हवा त्याच्या आहे ना! बाकीच्यांचं काय जातंय?"

"मग जुनंच नाव घे पटकन. आकड्याशिवाय," मैत्रीण म्हणाली.

पण पटकन घेता येत नव्हतं. पाळी यायला हवी होती. ती आली तेव्हा तिनं 'खारूताई' टाइप केलं आणि खाली लाल अक्षरं उमटली. हे नाव आधीच घेतलेलं आहे. तिनं एक अक्षर वाढवून पाहिलं, एक कमी करून पाहिलं. शेवटी 'खरीखारूताई' मिळालं. ते बघून मैत्रिणीला हसू आलं आणि मग तिचा चेहरा बघून ते विरलं.

"त्याला कसं सुचेल हे?" ती म्हणाली. "तो 'खारूताई'च शोधणार. आणि त्याला भलतीच कुणीतरी सापडणार."

तिनं कंपनीला लिहिलं. भावाची सगळी हकीकत लिहिली, आईचीसुद्धा. जी गोष्ट सख्ख्या मावशीला सांगितली नव्हती ती तक्रारीच्या त्या चौकोनात ओतली. उत्तर लगेच आलं. आपली गैरसोय आम्ही समजू शकतो, नावं परत देता येत नाहीत, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

मग तिनं नव्या 'खारूताई'लाच मेसेज केला. एक, मग दुसरा. वाचल्याची खूणही दिसेना. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती प्लास्टरच्या खोलीत जाऊन फोन बघत बसायची. घरी वडील ताट समोर आल्यावर खाली बघूनच विचारायचे, "काही?" नाव कधी घ्यायचे नाहीत. ती म्हणायची, "नाही." एवढंच त्या दोघांचं त्याच्याविषयीचं बोलणं, वर्षानुवर्षं.

पाऊस सरता सरता उत्तर आलं, आणि पाठोपाठ फोनच. आवाज कोवळा होता. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणारी मुलगी होती ती. खार तिला आवडायची, म्हणून तिनं ते नाव घेतलं होतं.

"मावशी, तुमचे मेसेज मी आज पाहिले. अनोळखी माणसांचे मी उघडतच नाही. पण एक उघडला होता. उन्हाळ्यात."

"कुणाचा?"

"नाव नव्हतं ओळखीचं. मी वाचून दाखवू? 'ताई, मी आहे. बाबा कसे आहेत? घरी आलो तर चालेल का?'"

पलीकडच्या खोलीत घासायचं यंत्र गरगरत होतं. तिनं दुसरा कान हातानं दाबून धरला.

"मग? तू काय लिहिलंस?"

"मावशी, मला सारखे असले मेसेज येतात हो. ताई म्हणतात, वहिनी म्हणतात आणि मग काहीबाही मागतात. मला वाटलं—"

"काय लिहिलंस ते सांग, बाळा."

"'मी तुम्हाला ओळखत नाही. परत त्रास देऊ नका.'" मुलगी आता रडत होती. "मला खरंच माहीत नव्हतं."

"आणि तो? तो काही म्हणाला?"

"'बरोबर आहे तुझं.' एवढंच. दुसऱ्या दिवशी बघितलं तर खातंच नव्हतं. नावाच्या जागी 'हटवलेला सदस्य' असं आलंय."

'तुझं' म्हणाला होता तो. बहिणीलाच म्हणाला होता. ती परक्या मुलीवर चिडूही शकली नाही. धाकट्याच्या लेखी ते शब्द त्या मुलीचे नव्हतेच. ते खारूताईचे होते, आणि ते त्याला पटले होते.

मुलीनं आपणहून ते नाव सोडलं आणि तिनं ते घेतलं. पण आता ते शोधणार कोण? त्या हटवलेल्या खात्यावर मुलीनं फोन चालू असतानाच लिहून पाहिलं, मेसेज जाईना. भावाच्या जुन्या सोबत्यांना विचारून झालं. कुणी म्हणे तो बंदरावर होता, कुणी म्हणे केव्हाच सोडून गेला.

संध्याकाळी वडिलांनी नेहमीसारखं विचारलं, "काही?" तिला खोटं बोलता आलं नाही. तिनं सगळं सांगितलं.

"चालेल का, असं विचारलं त्यानं?"

"हो."

"विचारायचं कशाला? सरळ यायचं की," ते म्हणाले आणि त्यांचा घास घशात अडकला. तिनं पाठ चोळली, पाणी दिलं. त्यांनी भांडं बाजूला सारलं. "मीच शिकवलं त्याला विचारायला," एवढं बोलून ते उठले.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळीच आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दाराजवळच्या खुर्चीत बसू लागले. जिन्यात पावलं वाजली की मान वर करायचे. हळूहळू कवळी लावायची सोडली. हिरड्या आक्रसल्या, कवळी ढिली झाली. "ठसा द्या, मी नवी करते," असं ती विनवायची, पण ते तोंड मिटून घ्यायचे. थंडी संपायच्या आत ते गेले. मुलगा कुठं असतो, असं आलेल्यांनी विचारलं. "बाहेर," ती म्हणाली. त्याला कळवायला तिच्याजवळ काहीच नव्हतं.

ती कामावर जाते, ठसे येतात, प्लास्टर ओतते. त्या नावावर अजून अनोळखी मेसेज येतात आणि ती एकही न वाचता सोडत नाही. प्रत्येकाला विचारते, तुम्ही कोण, कुठून लिहिताय. परवा एकानं "ताई, ओळखलंस का?" असं लिहिलं. तो फसवायला बसलाय हे तिला दुसऱ्याच वाक्याला कळलं. मैत्रिणीनं हातातला फोन काढून घ्यायला पाहिलं.

"असू दे गं," ती म्हणाली, आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत त्याला जेवलास का, कुठं राहतोस, अंगावर गरम कपडे आहेत का, असं विचारत राहिली.