एवाल्ट होल्टकाम्पची पाहुणी

माझा शेजारी एवाल्ट होल्टकाम्प याने जन्मभर एकाच माणसाचा हेवा केला, पण तो मन लावून केला. तो माणूस म्हणजे गावाबाहेरच्या होल्टकाम्प शेताचा मालक क्लेमेन्स. दोघांचं आडनाव एक, पण एवाल्ट पोस्टात टपाल लावायचा आणि क्लेमेन्सकडे शेत, ओकची झाडं आणि डुकरांचा मोठा गोठा. गावच्या नेमबाजीच्या जत्रेत जिंकणारा वर्षभर 'राजा' म्हणून मिरवतो, ती राजाची साखळीही दोनदा त्याच्याच गळ्यात पडली. क्लेमेन्सने ट्रॅक्टर घेतला तेव्हा एवाल्ट जेवता जेवता म्हणाला, "ऐकलंस? मुद्दाम आपल्या दारावरून नेतो."

"अरे बाबा, रस्ता एकच आहे," त्याची बायको वाल्बुर्गा म्हणाली.

एवाल्ट निवृत्त झाला त्या वर्षी ओहायोच्या लोरेन होल्टकाम्प या बाईंनी आमच्या पाद्रीबाबांकडे विचारणा केली. त्यांचा पूर्वज योझेफ १८५४ साली इथून अमेरिकेला गेला होता. त्याचं कुणी उरलं आहे का? जुनी टोकदार जर्मन लिपी गावात एवाल्टलाच वाचता येते, म्हणून काम त्याच्याकडे आलं. ही पाहुणी आपली, हे त्याने लगेच ठरवून टाकलं. माडीवरची खोली रंगवली, नवा पलंगही आणला.

मग तो म्युन्स्टर शहरातल्या दप्तरखान्यात जाऊन गावोगावच्या चर्चच्या जुन्या वह्या पाहू लागला. कचेरीच्या कागदांत योझेफ होल्टकाम्पला परदेशी जायची परवानगी मिळाल्याची नोंद होती, वय एकवीस. बाप्तिस्मा मात्र आमच्या चर्चच्या वहीत सापडेना.

"पाद्री लिहायचा विसरला असेल," एवाल्ट मला म्हणाला. "ते सोड. हे काय मिळालंय बघ!"

शेताची वारस आना होल्टकाम्प हिने १८३८ साली शेजारच्या गावच्या बेर्न्ड ल्युटिकेशी लग्न केलं होतं. आमच्याकडे शेतावर घरजावई आला की त्याचं आडनाव बुडतं. शेताचं नाव तेच त्याचं. क्लेमेन्स या बेर्न्डचा खापरपणतू. एवाल्ट मात्र आनाच्या चुलत्याच्या घराण्यातला, बापाकडून बापाकडे थेट आलेला.

"म्हणजे तो ल्युटिके! खरा होल्टकाम्प मी!"

"मग शेत मागतोस की काय?" मी विचारलं.

"शेत लखलाभ त्याला. पाहुणी माझी."

सप्टेंबरमध्ये लोरेनबाई आल्या. आजीकडून शिकलेलं जर्मन त्या अडखळत बोलत. एवाल्टकडे कॉफी आणि आलुबुखारचा केक होता. लोक नावं ठेवतील म्हणून क्लेमेन्सलाही बोलावलं होतं, शेजारी म्हणून मीही होतो. दुसरा तुकडा घेता घेता क्लेमेन्स बाईंना म्हणाला, "शेतावर राहायला या. जागा भरपूर आहे."

एवाल्ट याच घटकेची वाट पाहत होता. "त्याच्याकडे कशाला? तो होल्टकाम्प नाहीच मुळी!" आणि त्याने बेर्न्ड ल्युटिकेची सगळी हकीकत सांगितली.

क्लेमेन्सने सावकाश घास गिळला. "बरोबर आहे. आमचा म्हातारा सांगायचा. बेर्न्ड विधुर होता. पहिल्या बायकोचं पोर घेऊन शेतावर आला."

"कुठलं पोर?"

"योझेफ. शेत आनाच्या पोराला जाणार होतं, मग हा इथे राहून काय करणार? गेला अमेरिकेला."

वाल्बुर्गाने कपाळाला हात लावला. "म्हणून आपल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा नाही! शेजारच्या गावी असणार, ल्युटिके नावाने."

"तू गप्प बस."

"शेतावर वाढलेलं पोर शेताच्या नावाने ओळखतात, हे शेंबडं पोरही सांगेल. तू बरा विसरलास!"

लोरेनबाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होत्या. "मग मी... ल्युटिके?"

"माझी बहीण. लांबची का होईना," क्लेमेन्स म्हणाला आणि त्याने आपला राठ पंजा त्यांच्या हातावर ठेवला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवाल्टचा त्यांना खूप आधार वाटला होता, तसं त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. पण बॅग क्लेमेन्सच्या गाडीत गेली.

फाटकाशी एवाल्ट मला म्हणाला, "शेत त्याचं, साखळी त्याची. मी त्याचं नाव काढून घेतलं, तर त्याच्या दुसऱ्या नावाचीही बहीण निघाली! तीही माझ्या टेबलावर, माझा केक खाताना!"

सोमवारी सकाळी तो परत म्युन्स्टरला निघाला. वाल्बुर्गाने खिडकीतून विचारलं, "आता काय राहिलंय तिथे?"

"ल्युटिकेंच्या घरी आपल्यातली एखादी मुलगी दिली होती का, ते बघतो."

"आणि दिली नसेल तर?"

"दिलीच असेल," म्हणत एवाल्टने सायकलवर टांग टाकली.