सुभेदारांची मूळ कॅसेट

हे मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. बायकोशीही नाही. एक-दोनदा ओठांवर आलं होतं — आणि मी विषय बदलला. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही अरविंदला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच, नाही का?

नव्वदच्या दशकात अरविंद आणि मी अंध श्रोत्यांसाठी कॅसेटवर एक मासिक काढायचो. मी साताऱ्यात शिक्षक. सुट्टीच्या दिवशी फिरून माणसांना बोलतं करायचं, ते रेकॉर्ड करायचं, हे माझं काम. अरविंद सांगलीत त्याची काटछाट करायचा, प्रती काढायचा. अडचण एकच — कॅसेट सांगलीला पोचवायची कशी? रजिस्टर पोस्टानं तीन-चार दिवस जायचे. एसटीच्या पार्सल खिडकीवर रांग. शेवटी आम्ही ठरवलं, सकाळच्या गाडीच्या ओळखीच्या ड्रायव्हरकडे द्यायची. दुपारी अरविंद सांगली स्टँडवर उभा राहील. मात्र त्यानं एक नियम घातला होता. मूळ कॅसेट घरी ठेवायची, पाठवायची ती नक्कल. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची नक्कल काढायला नव्वद मिनिटंच लागायची. तेवढं मशीनपाशी बसायचं, बस्स.

कुंडलला एक निवृत्त सुभेदार होते. त्यांच्या ओसरीवर बसून मी एक अख्खी दुपार टिपली — पलटण, बर्फातली ठाणी, आणि मध्येच लेकीला दिलेली हाक, "सुमे, पावन्यांस्नी च्या टाक गं." पंधरा दिवसांत ते गेले. त्यांच्या लेकीचा, सुमनताईंचा, निरोप आला: आबांचा आवाज आम्हालाही द्या.

आणि मी काय केलं? गाडीच्या आदल्या संध्याकाळी टीव्हीवर मॅच होती. मी मॅच बघितली. सकाळी मूळ कॅसेटच ड्रायव्हरच्या हातात दिली.

संध्याकाळी शेजाऱ्यांकडे अरविंदचा फोन आला. कॅसेट मशीनमध्ये अडकली होती, फीत रोलरला गुंडाळून तुकडे तुकडे झाली होती. "मूळ आहे ना रे तुझ्याकडं?"

मी — क्षणभरही न थांबता — म्हणालो, "मूळच पाठवली की. तूच म्हणालास ना, नकलेत खरखर येते, या वेळी मूळ पाठव?"

तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणालो असेन बाबा. हल्ली माझं असंच होतंय."

दुसऱ्या दिवशी स्टँडवर ड्रायव्हर भेटला. "मास्तर, तुमची डबी इंजनाच्या बॉनेटवरच राहिली वो. लय तापली हुती." वैशाखातलं ऊन, वर इंजिनाची धग — डबी वाकडी झाली असणार, म्हणूनच अडकली. अरविंदच्या मशीनचाही दोष नव्हता. हेही मी त्याला सांगितलं नाही.

सुमनताईंना चिठ्ठी लिहून भागलं असतं. पण अरविंद म्हणाला, तोंड दाखवायला हवं. आम्ही दोघं कुंडलला गेलो. तो हात जोडून म्हणाला, "चूक माझी आहे, ताई. मूळ मीच मागवली, आणि माझ्याच मशीननं फाडली."

सुमनताई म्हणाल्या, "मुद्दाम कोण करतंय, दादा? पर आवं, थोडीबी न्हाई का राहिली? नुसती मला हाक मारल्याली?"

अरविंदनं नकारार्थी मान हलवली. मी शेजारीच होतो. माझ्या हातात त्यांनीच दिलेला चहाचा कप होता. मी चहा प्यायलो.

परतताना अरविंद म्हणाला, "तू होतास बरोबर, म्हणून धीर झाला."

दोन महिन्यांत त्यानं मासिक बंद केलं. स्वतःच्या डोक्यावरचा त्याचा विश्वास उडाला. साधा निरोपही तो चिठ्ठीवर लिहून घेऊ लागला, वर दोनदा विचारायचा, बरोबर ना? त्याची बायको त्याला हसायची. मीही हसायचो.

काही वर्षांनी एकदा त्यानं विचारलं, "मी खरंच तसं म्हणालो होतो का रे? मला काही केल्या आठवत नाही."

तेव्हा तरी? समोर तोच होता, दुसरं कुणी नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे रे. चुकतं माणूस."

मी त्याला माफ केलं. मी.

तो तसं कधीच म्हणाला नव्हता.